पाठमोरी घोंगडी

"बाबा, तुम्ही लोकांकडे पाठ करून का बसता?"

भभूतगिरी बाबा समोर खुंटाला बांधलेल्या घोडीकडे बघत होते. प्रश्न ऐकू गेला असावा, कारण त्यांनी एकदा कान खाजवला.

"पाकोळीनं दुपारपासून लीद टाकली का रे?"

"टाकली असेल की."

"असेल..."

बाबा एवढंच म्हणाले आणि पुन्हा घोडीकडे बघत बसले.

निरंजनला मनातून राग आला. शिष्याने धीर करून एक खोल प्रश्न विचारावा आणि गुरूने लिदीची चौकशी करावी, हे काही त्याला रुचलं नाही. पण बाबांचं हे नेहमीचंच होतं. घोड्याच्या डोळ्याबद्दल विचारा, खुराबद्दल विचारा, त्यांचा पहिला सवाल तोच. लांबून आलेली भली माणसं मान खाली घालून आपल्या घोड्याच्या लिदीचं वर्णन करत आणि निरंजनला त्यांच्या वतीने लाज वाटे.

नागझरीचा हा मठ बालाघाटाच्या पायथ्याशी, नदीला लागून होता. एके काळी इथले गोसावी घोड्यांचा व्यापार करायचे. पुढे व्यापार गेला, घोडे गेले, मागे एक घोडी आणि पुष्कळसं शहाणपण उरलं. चंपाषष्ठीच्या सुमाराला जवळच खंडोबाची जत्रा भरे. जत्रेत घोडेबाजार असे. बाजाराला निघालेले घोडेवाले वाटेत मठात थांबत आणि आपापल्या जनावरांचं गाऱ्हाणं बाबांपुढे, म्हणजे खरं तर बाबांच्या पाठीपुढे, मांडत.

कारण घोंगडीच तशी अंथरलेली असे. ओट्याच्या एका अंगाला पाकोळीचा खुंट, दुसऱ्या अंगाला लोकांची बसायची जागा, आणि मधे बाबा, घोडीकडे तोंड करून. नवख्या माणसाला हा अपमान वाटे. जुनी माणसं मात्र सवयीने त्या पाठीशी बोलत, पाठ काय सांगते ते ऐकत आणि निघून जात.

जाताना ती बाबांना काही देत नसत. गोसावी काही घ्यायचाही नाही. ज्याला उत्तर मिळालं त्याने पाकोळीच्या पुढ्यातल्या टोपल्यात ओंजळभर भिजलेले हरभरे नाहीतर गुळाचा खडा टाकायचा, अशी मठाची रीत होती. घोडा हे खंडोबाचं वाहन, तेव्हा तिच्या मुखी गेलं ते देवाला पोचलं. बाबा मधूनच काठी लांब करून ते टोपलं आपल्याकडे ओढून घेत. मग लोक उरलेली चंदी, म्हणजे घोडीचा दाणा, दाराजवळच्या पोत्यात ओतत. निरंजनने हे इतक्यांदा पाहिलं होतं, की आता त्याला ते दिसत नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला हाताशी काही चाळा लागतो, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

"वरच्या मठाची माणसं उद्या जत्रेत भेटणार आहेत," बाबा पाठमोरेच म्हणाले.

निरंजन सावरून बसला.

वरचा मठ घाटमाथ्यावर होता. तिथले गोसावी उन्हाळ्यात वारले होते. त्या गावांना गाडीवाट नाही, घरटी एक तरी तट्टू, आणि विचारायला आता कुणी नाही. लोक गोसावी शोधत होते. इथे मिळाला तर इथला, नाहीतर ते दुसऱ्या मठाची पायरी चढणार होते. निरंजनला तिथे जायचं होतं. घोड्याच्या शेपटीच्या टोकापासून नाकपुडीपर्यंत सगळी विद्या त्याला तोंडपाठ होती, आणि ती घेऊन जन्मभर बाबांच्या पाठीमागे बसून राहायचं या विचाराने त्याचा जीव गुदमरत होता.

"मी त्यांना आणायला जातो. उद्या ओट्यावर तू बस," बाबा म्हणाले. "संध्याकाळी ते येऊन तुला बघतील. पसंत पडलास तर घेऊन जातील."

"आणि कसा बसू, बाबा?"

"तुला हवा तसा."

दुसऱ्या दिवशी बाबा काठी टेकत जत्रेकडे गेले आणि निरंजनने पहिलं काम काय केलं, तर घोंगडी फिरवली. नदीवर अंघोळ केली, भस्म लावलं, दाढी बोटांनी विंचरली आणि लोकांकडे तोंड करून ताठ बसला. पाकोळी आता त्याच्या पाठीमागे आली.

लोकांना आनंद झाला. इतक्या वर्षांत प्रथमच मठाने त्यांच्याकडे तोंड केलं होतं. एका म्हाताऱ्याने तर सांगून टाकलं, की आजवर मी गोसाव्याची पाठ ओळखत होतो, आज दर्शन झालं.

निरंजन प्रसन्न हसला. लिदीचा प्रश्न आजपासून बंद, असंही त्याने मनाशी ठरवलं.

पहिला आला तो एक नवा जावई. सासऱ्याने त्याला लग्नात घोडं दिलं होतं आणि त्याने जन्मात कधी घोडं पाळलेलं नव्हतं.

"महाराज, आमचं घोडं उभ्या उभ्याच झोपतंय. बिमार तर न्हाई?"

"घोडं डुलकी उभ्यानंच घेतं. गाढ झोपायला मात्र त्याला घटकाभर आडवं व्हावं लागतं, आणि भरवसा असल्याशिवाय ते आडवं होत नाही. नव्या घरात अजून त्याचा जीव लागला नसेल. तुमचा तरी सासुरवाडीत पहिल्या दिवशी डोळा लागला होता का?"

जावई लाजला, लोक हसले, आणि टोपल्यात पहिली ओंजळ पडली.

मग अंतोजी पाटील पुढे झाले. अंगाने भरलेले गृहस्थ, घोडाही तसाच. दाणा किती घालावा, असा त्यांचा सवाल होता. निरंजनने सांगितलं, की मापाचं काही खरं नाही. वैरण आधी, दाणा मागून, आणि तोही जेवढं काम तेवढाच. घोड्याच्या बरगड्या डोळ्याला दिसू नयेत, पण हाताला लागाव्यात. पाटलांनी तिथल्या तिथे घोड्याच्या कुशीवर हात फिरवला. बरगडी काही सापडेना. त्यांनी जरा दाबून पाहिलं, तरी सापडेना. मग लोक घोड्याकडे बघायचे सोडून पाटलांच्या पोटाकडे बघू लागले आणि पाटील स्वतःच खो खो हसले. त्यांनी घातली ती ओंजळ पाटलाचीच होती, चांगली दोन्ही हात भरून.

असा रंग भरत गेला.

वरातीत घोडा नाचवणाऱ्या एकाने सांगितलं, की घोडा परगावी गेला की पाण्याला तोंड लावत नाही. निरंजन म्हणाला, त्याला परक्या पाण्याची चव कळते. घरी असतानाच पाण्यात किंचित गूळ घालायची सवय लाव, मग परगावच्या पाण्यातही तेवढाच घाल. कुणाच्या घोड्याच्या खुराला घाण वास येत होता. त्याला खूर रोज कोरून साफ करायला आणि घोडं बांधायची जागा कोरडी ठेवायला सांगितलं. कुणाचं म्हातारं घोडं वैरणीचे अर्धवट चावलेले गोळे तोंडातून टाकत होतं. त्याच्या दाढांना धार आली असणार, घोड्याचे दात जाणणाऱ्याकडून त्या घासून घे, असं सांगितलं. एकाचा घोडा शेपटीचं बूड भिंतीला घासत होता, त्याला जंताचं सांगितलं. एका थट्टेखोराने, महाराज, घोडा का अडला, असं विचारलं, तेव्हा निरंजनने तोंड उघडायच्या आत सगळा जमावच एका सुरात म्हणाला, न फिरवल्यामुळं.

सगळी उत्तरं बरोबर होती. यात तसूभर खोट नव्हती, हे आपण निरंजनच्या वतीने कबूल केलं पाहिजे. लोक उठताना मान डोलवत, त्याला नमस्कार करत आणि त्याच्या मागच्या बाजूला जाऊन ओंजळ रिकामी करत. निरंजनला टोपल्यात हरभरे पडल्याचा आवाज ऐकू येई, आणि खरं सांगायचं तर तो आवाज त्याला फार गोड वाटू लागला होता. उत्तर जितकं नेटकं, तितकी ओंजळ मोठी. गूळ पडला तर आवाज येत नसे, तेव्हा त्याला जरा चुकल्यासारखं वाटे.

पाकोळीलाही तक्रार नव्हती. एरवी तोंडाजवळ आलेलं टोपलं काठीने सरकत जायचं, आज ते जागचं हललं नव्हतं.

ऊन कलायला लागलं तेव्हा एक मेंढपाळ पुढे आला. त्याच्याजवळ एकच तट्टू होतं आणि ते धडधाकट दिसत होतं. तो जरा चाचरत बोलला.

"महाराज... घोड्याचं पोट दुखतंय हे कसं वळखावं?"

निरंजन खुलला. हा त्याचा आवडता विषय होता. घोड्याला ओकता येत नाही, त्याने समजावलं. एकदा आत गेलं ते पुढेच गेलं पाहिजे, आणि वाट अडली की जिवावर बेतलं. तेव्हा घोड्याची पोटदुखी म्हणजे साधी गोष्ट नाही, लगेच धावपळ केली पाहिजे. मेंढपाळाने सगळं ऐकून घेतलं, निरंजनच्या खांद्यावरून मागे पाहिलं, पुन्हा निरंजनकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग तो उठून गेला. ओंजळीचा आवाज आला नाही. फुकट्या, असं निरंजन मनात म्हणाला.

त्याच्यामागून एक बाई आली. लग्नाच्या वरातीला त्यांच्याकडून घोडी जाई.

"पोट दुखायला लागल्यावर घोडी काय काय करती, महाराज?"

पुन्हा तेच. निरंजनने पुन्हा सांगितलं, या वेळी जरा सजवून. बाईने ऐकलं, तिनेही त्याच्या खांद्यावरून मागे नजर टाकली, आणि तीही रिकाम्या हाताने उठली. उठताना मात्र ती त्याच्याकडे अशी बघून गेली, की आपल्या दाढीत काही अडकलंय की काय म्हणून त्याने दाढीवरून हात फिरवला.

मग दस्तगीर पुढे आला. हा घोडेबाजारातला मुरलेला दलाल. लंगडा घोडा नाचरा म्हणून विकेल आणि घेणाराही खूश होऊन जाईल, अशी त्याची ख्याती. तो समोर मांडी घालून बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि अदबीने म्हणाला,

"महाराज, घोड्याच्या पोटात दुखतं, तवा त्याची लक्षणं कोणती?"

निरंजनला हसू फुटलं. आज जत्रेतल्या समस्त घोड्यांची पोटं एकदम बिघडली की काय, असं त्याने विचारलं. कुणी हसलं नाही. मग त्याने घसा साफ केला आणि एकेक लक्षण सांगायला घेतलं.

"पहिलं, घोडं पुढच्या पायानं जमीन उकरतं."

"उकरतंय," दस्तगीर म्हणाला.

"मान वळवून आपल्याच कुशीकडे पुन्हा पुन्हा बघतं."

"बघतंय."

"वरचा ओठ वर उचलतं. खाण्यावरून तोंड फिरवतं."

"फिरवलं..."

"अंग टाकायला बघतं. मग ते लोळतं, आणि लोळताना—"

"गुडघे वाकवले, महाराज."

निरंजन थांबला. दस्तगीर त्याच्याकडे बघतच नव्हता. समोर बसलेल्यांपैकी कुणीच त्याच्याकडे बघत नव्हतं. तो सगळा घोळका, आपले पाटीलसुद्धा, त्याच्या पाठीमागे बघत होता.

त्याने मान वळवली.

पाकोळीच्या पायापाशी माती उकरून खड्डा झाला होता. तिची कूस घामाने भिजली होती. टोपल्याच्या तळाशी थोडे हरभरे उरले होते आणि तिने त्यांच्याकडे पाठ फिरवली होती. निरंजन उठला तो घोंगडीत पाय अडकून पडला, पुन्हा उठला, आणि तिचा दोर धरून तिला वर ओढायला लागला. दस्तगीरने दुसऱ्या बाजूने हात दिला.

"तुम्हाला सगळ्यांना दिसत होतं?" निरंजन म्हणाला. "मग सांगितलं का नाही?"

"बाजारात दुसऱ्याच्या जनावराची खोड तोंडावर बोलून दावत न्हाईत, महाराज," दस्तगीर म्हणाला. "त्यो आमचा दंडकच हाय. म्हणून तर आमी इचारत होतो."

 

निरंजनने पाकोळीच्या कुशीला कान लावला. चांगल्या घोड्याच्या पोटात सतत काही ना काही गुडगुडत असतं. पाकोळीच्या पोटात शांतता होती.  हीच ती घोडी. तो मठात पहिल्यांदा आला, आईच्या आठवणीने कोपऱ्यात रडत बसला, तेव्हा हिने मागून येऊन त्याच्या धोतराचा सोगा चावून टाकला होता आणि त्याला रडता रडता हसू आलं होतं. तिला काही झालं तर वरचा मठ काय आणि खालचा काय, आपल्याला कुठेच तोंड दाखवायला जागा नाही, असं त्याला वाटलं.

त्याने टोपलं लाथेने दूर उडवलं आणि तिला चालवायला घेतलं.

अंगणातून, ओट्याभोवती, चिंचेखालून. सावकाश. ती थांबली की तो थांबे, ती अंग टाकायला बघू लागली की दस्तगीर मागून हाकारा करी. पाटील त्यांच्या मापाच्या बाहेर धावपळ करून लोकांना वाटेतून बाजूला काढत होते. कुणी ताक पाजा म्हणे, कुणी ओवा म्हणे, कुणी तेल. निरंजनने कुणाचं ऐकलं नाही आणि कुणाला उत्तरही दिलं नाही. त्याला एकच ऐकायचं होतं.

बराच वेळ फिरवल्यावर त्याने पुन्हा कान लावला. कुठेतरी खोलवर, फार लांब, एक बारीकशी गुडगुड झाली.

तो रडला. कुणी बघतंय की नाही याची त्याने पर्वा केली नाही.

मग त्याने तिला नदीवर नेलं. दाणा जास्त झालेल्या घोड्याच्या पोटातली आग खुरांत उतरते आणि घोडा जन्माचा लंगडा होतो. गार पाण्यात पाय बुडवून उभं केलं तर ते टळतं. हे त्याने सकाळीच एकाला मोठ्या ऐटीत सांगितलं होतं. आता तो स्वतः मार्गशीर्षातल्या गार पाण्यात गुडघाभर उभा होता, एका हातात दोर, दुसरा हात तिच्या कुशीवर. भस्म कधीच धुऊन गेलं होतं.

घोळका काठावर येऊन बसला. जत्रेला जायचं सोडून सगळे तिथेच थांबले होते. पोटदुखीची ही गोष्ट आता बाजारात पसरली होती, त्यामुळे नवेही येत होते. आणि माणसाचा स्वभाव बघा, गोसावी पाण्यात आहे, घोडीचा जीव टांगणीला आहे, तरी एकाला राहवलं नाही.

"महाराज, आमचं घोडं चावतंय, त्याला काय करावं?"

निरंजन वळला नाही. त्याची नजर पाकोळीच्या पोटावरून शेपटीवर आणि शेपटीवरून पोटावर जात होती.

"तुमचं घोडं आत्ता काय करतंय?"

"मागं बांधलंय की."

"बघून सांगा."

मागे एक आरोळी आणि मग हास्याचा कल्लोळ झाला. त्या गृहस्थांचं घोडं शेजाऱ्याच्या पाठीवरच्या गाठोड्यातल्या भाकऱ्या आरामात खात होतं, आणि शेजारीही पाकोळीकडे बघत असल्यामुळे त्यालाही पत्ता नव्हता. मग एकेक करत सगळेच आपापल्या जनावरांकडे वळून बघू लागले. कुणाच्या पायात दोर अडकलेला निघाला, कुणाचा पट्टा करकचून बसलेला निघाला. काठावर बरीच धांदल उडाली.

एवढ्यात बाबा आले.

त्यांच्याबरोबर वरच्या मठाची माणसं होती. पुढे रखमाजी नाईक, पांढऱ्या मिशांचा, घाट चढून उतरून पायांच्या काठ्या झालेला म्हातारा. नवा गोसावी बघायला म्हणून ते नवं मुंडासं बांधून आले होते. आणि बघतात तर ओटा रिकामा, घोंगडी विस्कटून पडलेली, आणि गोसावी नदीत.

बाबांनी काही विचारलं नाही. त्यांनी आधी ओट्याजवळची उकरलेली माती पाहिली होती, लाथाडलेलं टोपलं पाहिलं होतं, लोकांच्या बाजूला फिरवलेली घोंगडीही पाहिली होती. ते काठावरच्या दगडावर बसले.

"काय खाल्लं हिनं?"

निरंजनने आवाज ओळखला. तरी मान वळवली नाही.

"माझी उत्तरं, बाबा," तो म्हणाला. "एकेका उत्तरामागं एकेक ओंजळ."

"उत्तरं चुकली होती का?"

"नाही, बाबा. सगळी बरोबर होती."

"म्हणून तर..."

 बाबा काठीने वाळूवर रेघ ओढत राहिले. नदीचा आवाज येत होता, काठावरचे घोडे फुरफुरत होते. दस्तगीरने विडी काढली, पेटवली नाही, पुन्हा कनवटीला लावली.

"बाबा," निरंजन म्हणाला, "वरच्या लोकांना सांगा, दुसरा कुणी बघा. मी इथंच हिची चाकरी करतो. मला अजून काही येत नाही."

"काल माझ्याकडं एक प्रश्न होता तुझा," बाबा म्हणाले. "पाठीचा. विचार की आता, मी सांगतो."

निरंजनने पाकोळीच्या पोटावरून हात फिरवला.

"विचार ना."

"थांबा, बाबा..."

"काल तर फार घाई होती."

"थांबा, बाबा, बोलू नका. ती शेपटी उचलतेय."

काठावर कुणी श्वास घेईना. पाकोळीने शेपटी उचलली, खाली केली, जरा विचार केला, पुन्हा उचलली. आधी एक लांबलचक आवाज झाला, एरवी चारचौघांत ज्याला लोक नाक मुरडतात तसा, आणि त्यावर साऱ्या घोळक्याने हात जोडले. मग लीद पडली. पाण्यात पडली, निरंजनच्या गुडघ्यांवर उडाली, आणि त्याने ती ओंजळीत उचलून पाहिली.

"आतले दाणे तसेच आहेत," तो आपल्याशीच बोलत होता. "पण ओली आहे... वाट मोकळी झाली. अजून एकदा टाकायला हवी. आज वैरण नको, नुसतं पाणी. रात्रभर इथंच, पाय गार राहिले पाहिजेत."

अंतोजी पाटलांनी डोळे पुसले. दस्तगीरने आता विडी पेटवली. जावई आपल्या घोड्याच्या मानेवर हात टाकून उभा होता आणि घोड्यानेही आपली मान त्याच्या खांद्यावर टेकवली होती.

फक्त रखमाजी नाईकांना यातलं काही उमगलं नव्हतं. ते चांगला घाट उतरून आले होते, आणि गावात परत गेल्यावर लोक विचारणार होते, गोसावी दिसायला कसा आहे? त्यांनी घसा खाकरला, मुंडासं सारखं केलं आणि पाण्याच्या कडेला गेले.

"महाराज," ते म्हणाले, "आमी लई लांबून आलोय. घटकाभर हिकडं तोंड करा. आमाला बघू तर द्या."

निरंजनच्या कानापर्यंत ते पोचलं नाही. त्याने पाकोळीच्या कुशीला कान लावला होता, डोळे तिच्या शेपटीवर होते, आणि आत कुठेतरी चाललेली गुडगुड ऐकून तो हसत होता. नाईकांनी पुन्हा हाक मारली. मग ते हिरमुसून बाबांकडे वळले आणि म्हणाले, की महाराज आमच्याकडं बघायलाही तयार नाहीत, आता आम्ही करावं तरी काय.

बाबा काठीचा आधार घेऊन दगडावरून उठले. त्यांनी कुणाला तरी पाठवून ओट्यावरची घोंगडी मागवली होती, ती झटकली, नीट घडी घातली आणि वरच्या मठात अंथरायला म्हणून नाईकांच्या हातात ठेवली.

"तोंडाचं राहू द्या, नाईक. पाठ नीट बघून घ्या..."